जपानला जायचंय? आधी बुटाचा नंबर सांगा

दिवाळीनंतर आमच्या बॅचची चौदा पोरं आणि दोन शिक्षक जपानला जाऊन आलो. फिरायला नाही, कंपन्या बघायला (थोडं फिरलोच, खोटं कशाला बोलू). आल्यापासून ज्युनिअर मंडळींचे मेसेज थांबत नाहीयेत. कसं जमवलं, खर्च किती, एजंट कोण, व्हिसाला काय लागतं, एटीकेटी असेल तर घेतात का. सगळ्यांना तेच तेच टाईप करून अंगठे दुखायला लागले म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. जपान कसं आहे, रस्ते किती स्वच्छ वगैरे यात फार नाही, ते रील्सवर बघा. हे सगळं जायच्या आधीचं आहे, कारण कंपनी व्हिजिटचं खरं काम तिकीट काढायच्या आधीच असतं, नंतर फक्त वेळेवर पोचायचं असतं.

आम्ही रत्नागिरीत फिशरीज करतो. स्टडी टूर आमच्याकडे दरवर्षी असतेच आणि तिचा मार्ग ठरलेला, एकतर वेरावळ नाहीतर कोची, कोचीला सीआयएफटी ही मत्स्य तंत्रज्ञानाची संस्था बघायची, हार्बर बघायचं, येताना केळ्याचे वेफर्स आणायचे. जपानचा विषय पहिल्यांदा मेसमध्ये निव्वळ टाइमपास म्हणून निघाला. पण मग कोणीतरी बोललं की अरे आपल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर जो राणी मासा उतरतो तो जातो कुठे? तर सुरीमीच्या कारखान्यात. रत्नागिरीत राहून ज्यांना सुरीमी माहीत नाही त्यांच्यासाठी, माशाचे काटे आणि कातडं काढून नुसतं मांस घ्यायचं, ते थंड पाण्यात धुवून धुवून पिळून काढायचं, त्यात थोडी साखर, सॉर्बिटॉल, फॉस्फेट मिसळायचं आणि दहा दहा किलोचे ब्लॉक करून गोठवायचे. त्या ब्लॉकपासून पुढे कामाबोको म्हणजे माशाच्या वाफवलेल्या वड्या होतात, आणि हॉटेलात क्रॅब स्टिक म्हणून जे लालपांढरं देतात ना, ज्याच्यात बहुतेक वेळा खेकडा नावालाही नसतो, ते पण त्याचंच.

साखर कशाला घालतात हे मला सेकंड इयरला कळलं तेव्हा भारी वाटलं होतं. आधी जपानात हे सगळं ताज्या माशाचंच करायचे, कारण मांस गोठवलं की त्यातली प्रथिनं बिघडायची आणि मग त्याला तो रबरासारखा ताण यायचाच नाही. १९६० च्या आसपास होक्काइडोच्या संशोधकांनी साखर घालून गोठवलं तर प्रथिनं टिकतात हे शोधून काढलं, आणि तिथून सुरीमी जहाजाने कुठूनही कुठेही जायला लागली. म्हणजे तो शोध नसता तर आमच्या राणी माशाला जपानात कोणी विचारलं नसतं. तर मुद्दा असा की जपानशी आमचा संबंध ॲनिमेपुरता नाही, रोज पहाटे जेटीवर जो माल उतरतो त्यातला काही तिकडेच जातो, मग तो पुढे जातो कुठे, त्याचं होतं काय, हे बघायला जायचं. एवढं सांगितल्यावर मॅडम लगेच हो बोलल्या, प्रिन्सिपल सरांना पटवायला मात्र बरेच चहा लागले.

घरी सांगितल्यावर बाबांचं पहिलं वाक्य, "जपानाक जातलंस? ता पण मासे बघूक? हयले मासे सोपले काय गो?" आमचं घर मालवणकडे, बाबांची छोटी होडी आहे, त्यांना खरंच कळेना की मासे बघायला कोणी पैसे देऊन कशाला जाईल.

आता पहिला टप्पा, एजंट. सगळ्यांप्रमाणे आम्ही पण आधी एजंटकडे गेलो. त्याने जो प्लॅन दिला त्यात डिस्नीलँड, फुजी पर्वत, आराशियामा आणि एका दिवशी 'इंडस्ट्रियल व्हिजिट' असं मोघम लिहिलेलं, कुठली इंडस्ट्री विचारलं तर बोलला ते तिकडे गेल्यावर ठरतं. किंमत माणशी अडीच लाखाच्या वर. आमच्या बॅचमध्ये निम्म्या घरांत होडी, बाग नाहीतर एसटीतली नोकरी, अडीच लाख कोण देणार? म्हणून ठरवलं की तिकीट आणि व्हिसाच्या फॉर्मपुरती मदत घ्यायची आणि बाकी सगळं आपणच करायचं. (पूर्ण पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस म्हणजे आगाऊ कर पण कापतात, रिटर्न भरलं की ते मिळतं परत, पण आधी तर खिशातून जातंच ना.)

मग कंपन्यांना मेल. इथे नीट वाचा, कारण सगळं याच्यावर अडतं.

जपानात फॅक्टरी बघण्याचे दोन प्रकार आहेत हे आम्हाला हळूहळू कळलं. एक म्हणजे सगळ्यांसाठी खुली असतात ती म्युझियम आणि टूर. वेबसाइटवर जाऊन तारीख निवडायची, नाव टाकायचं, झालं, कोणाच्या ओळखीची गरज नाही. यामाहा मोटरचं इवाताला कम्युनिकेशन प्लाझा आहे, हामामात्सुला सुझुकीचं म्युझियम आहे, नागोयाला टोयोटाचं उद्योग आणि तंत्रज्ञानाचं मोठं म्युझियम आहे जे त्यांच्या जुन्या कापड गिरणीच्या जागेतच उभं केलंय, ओदावाराला सुझुहिरो म्हणून १८६५ पासूनची कामाबोकोवाली कंपनी आहे त्यांचं कामाबोको म्युझियम आहे, तिथे काचेतून कारागीर काम करताना दिसतात आणि आपल्याला पण हाताने करून बघता येतं. हे सगळं चांगलंच आहे, पण ते तुम्हाला जे दाखवायचं ठरवलंय तेवढंच दाखवतात.

दुसरा प्रकार म्हणजे खरी व्हिजिट, जिथे त्यांचा माणूस तुमच्यासाठी वेळ काढतो आणि चालू लाइनवर नेतो. त्याला कुठलाही ऑनलाइन फॉर्म नाही. आम्ही उत्साहात एक मेल बनवला, आम्ही अमुक कॉलेजचे विद्यार्थी, तुमच्या प्रगत तंत्रज्ञानाबद्दल आम्हाला खूप आदर आहे, आपल्या नामांकित कंपनीस भेट देण्याची संधी मिळावी वगैरे वगैरे, आणि तो मासे, बर्फ, जाळी, इंजिन ज्या ज्या कंपनीचा पत्ता सापडला तिथे ढकलला. उत्तर कुठूनच नाही. एक-दोन ठिकाणाहून आपोआप येणारं 'मेल मिळाला' एवढं आलं आणि त्याच्यावर पण आम्ही खूश.

आमच्या कॉलेजचे एक जुने विद्यार्थी इथल्या सुरीमी कारखान्यात क्वालिटीला आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. मॅडमनी त्यांना बोलावलं. त्यांनी तो मेल वाचला आणि विचारलं, "हा मेल आहे की लग्नाची पत्रिका? नाव बदललं की कोणालाही चालतेय." मग बसून समजावलं. तिकडचा माणूस मेल वाचताना बघतो की हे लोक कोण, नेमके किती जणं, कुठल्या तारखेला, काय बघायचंय, का बघायचंय, आणि आमच्याकडच्या कुठल्या डिपार्टमेंटने यांना वेळ द्यायचा. यातलं एक जरी कळलं नाही तरी तो मेल पुढे कोणाला पाठवायचा हेच त्याला कळत नाही आणि मग तो तसाच पडून राहतो. उद्धटपणा म्हणून नाही, खरंच कोणाचं काम ते ठरत नाही म्हणून. आणि दुसरं, कोणीतरी ओळख करून दिली तर गोष्ट वेगळी होते. ओळख ते स्वतः करून द्यायला तयार होते, त्यांचा जपानमधला खरेदीदार आहे. पण एका अटीवर. "नुसतं बघायला येतो म्हणू नका. तुमच्याकडे असं काय आहे जे त्यांना तिथे बसून दिसत नाही, ते घेऊन जा."

आमच्याकडे काय असणार बोला. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

त्यांनीच सांगितलं. खरेदीदाराकडे मासा पोचतो तो ब्लॉक होऊन. त्या ब्लॉकची जेल स्ट्रेंग्थ तपासतात, म्हणजे त्याला ताण किती आहे ते बघतात, त्यावर ग्रेड ठरते आणि ग्रेडवर भाव. पण ती ग्रेड बरीचशी कारखान्यात शिरायच्या आधीच ठरून गेलेली असते, बोटीवर बर्फ किती घातला, जेटीवर पाटी किती वेळ उन्हात राहिली, टेम्पोत बर्फ होता का. ते जपानमधल्या माणसाला दिसत नाही आणि आम्ही ते रोज बघतो. मग फेब्रुवारीपासून आम्ही ग्रुप पाडून पहाटे मिरकरवाड्याला जायला लागलो. एक काट्यासारखा थर्मामीटर असतो, तो माशाच्या पाठीच्या जाड मांसात खुपसायचा आणि आतलं तापमान घ्यायचं. होल्डमधून, म्हणजे बोटीच्या मासे ठेवायच्या कप्प्यातून काढताना एकदा, लिलावाच्या वेळी एकदा, टेम्पोत चढवताना एकदा. वहीत वेळ, बोटीचा प्रकार, बर्फ आहे-नाही, ऊन आहे-नाही. खलाशी सुरुवातीला जाम हसायचे. आपल्याकडे नेपाळी खलाशी भरपूर, त्यातला एक रोज विचारायचा, "मॅडम, मछली को बुखार है क्या?" तांडेल (बोटीचे कप्तान) लोक मात्र जरा बिचकून असायचे, त्यांना वाटायचं आम्ही रिपोर्ट करून कोणाचा तरी भाव पाडणार, मग काकांनी मध्ये पडून समजावलं. त्या वहीतनं बोटींपेक्षा जेटीवरच जास्त दिसायला लागलं, बोटीत चांगला गार असलेला मासा लिलाव होऊन पुढे जाईपर्यंत किती तापतो ते आकड्यात बघितल्यावर आम्हालाच कसंतरी झालं, आणि एरवी आम्ही तिथेच उभं राहून चहा पीत असतो.

१ जूनला मासेमारी बंद झाली तोपर्यंत वह्या भरल्या होत्या. मग दुसरा मेल गेला, काकांच्या ओळखीने, एक पानाचा. आम्ही कोण, किती, नोव्हेंबरच्या कुठल्या आठवड्यात, आणि तीन प्रश्न. तुमच्याकडे ब्लॉक आल्यावर पहिली तपासणी काय होते, खराब निघाला तर पुरवठादाराला काय कळवता, आणि राणी माशाच्या सुरीमीपासून कुठला पदार्थ करता, कुठला करत नाही. सोबत तापमानाचा एक तक्ता, आणि आम्हाला वीस मिनिटं मिळाली तर हे तुमच्या लोकांना दाखवू असं.

उत्तर आलं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यांचे नऊ वाजले की आपले साडेपाच, त्यामुळे मेल मी उठायच्या आधीच येऊन पडलेला, आणि त्यात हो किंवा नाही यातलं काहीच नव्हतं, उलटे अकरा प्रश्न होते! थर्मामीटर कुठला, कॅलिब्रेट कसा केला, बर्फ चुऱ्याचा की लादीचा. मी घाबरून मॅडमना फोन केला तर त्या बोलल्या, अगं प्रश्न विचारतायत म्हणजे बोलावणार. तसंच झालं. त्या एका कंपनीने मग फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बनवणाऱ्या एका कंपनीशी आणि एका बर्फाच्या मशीनवाल्यांशी गाठ घालून दिली. फिशफाइंडरचं आम्हाला खास आकर्षण होतं, कारण जगातलं पहिलं व्यवहारात वापरता येईल असं फिशफाइंडर १९४८ मध्ये जपानच्याच फुरुनो भावांनी आणलं होतं आणि आज आपल्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये बघाल तर त्यांच्या नावाचा पडदा हमखास दिसतो.

तारखा ठरवताना कॅलेंडर दोन्हीकडचं बघा. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा त्यांचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यात ओबोन म्हणजे त्यांचा पितरांचा सण, नवीन वर्षाला सगळं बंद, मार्चअखेरीस त्यांचं आर्थिक वर्ष संपतं तेव्हा कोणालाच वेळ नसतो आणि तेव्हाच साकुरा म्हणजे चेरीचा बहर म्हणून हॉटेलं महाग. जूनमध्ये त्यांचा पण पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबरला वादळं. आपल्याकडे परीक्षा, गणपती, दिवाळी. या सगळ्यातनं नोव्हेंबर उरला. त्यात पण ३ आणि २३ तारखेला त्यांच्या सुट्ट्या आहेत, बुकिंगआधी बघून घ्या. टोक्योचं तोयोसू मासळी मार्केट रविवारी आणि काही बुधवारी बंद असतं.

खर्चाचं सांगते, माणशी दीड लाखाच्या आत बसवला. विमान थेट नाही, बँकॉकवरून, त्यात वेळ गेला पण पैसे वाचले. राहायला हॉस्टेल, एका खोलीत आठ-आठ जणं. शंभर येनला साधारण ५५ ते ६० रुपये धरा. सगळे सांगतात जेआर पास (तिकडच्या रेल्वेचा पास) काढा, जेआर पास काढा, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झालाय, आम्ही हिशोब केला तर आमच्या रूटला तो परवडतच नव्हता, सुटी तिकिटं आणि एका रात्रीची बस स्वस्त पडली. आपापला रूट कागदावर मांडून बेरीज करा, मगच ठरवा.

पैसे उभे करायला गणपती कामी आले. खरंच. मुंबईचे चाकरमानी काका वर्षातनं तेव्हाच सगळे एकत्र सापडतात. रात्रीची आरती झाली, भजन झालं, उसळ-पाव झाला की हळूच विषय काढायचा. माझ्या मोठ्या काकांनी अर्धे दिले, एकाच्या मामाने तिकीट काढलं, सुरीमीवाल्या काकांच्या कारखान्याने दोघांचा खर्च उचलला. तरी बॅचमधली पंधरा-वीस जणं येऊ शकली नाहीत, त्यातले तिघं असे होते ज्यांनी जेटीवर आमच्यापेक्षा जास्त पहाटा काढल्या होत्या. हे मला अजून खटकतं. तिकडे प्रेझेंटेशनमध्ये त्यांची नावं पहिल्या स्लाइडला टाकली, पण नाव टाकणं आणि जाणं यात फरक आहे. पुढच्या बॅचने पैशाचं काम पहिल्या महिन्यापासून सुरू करा, जपानची जेएसटी ही विज्ञान-तंत्रज्ञानाची सरकारी संस्था सकुरा सायन्स म्हणून एक कार्यक्रम चालवते त्यात परदेशातल्या विद्यार्थ्यांना बोलावतात, पण त्याचा अर्ज तिकडच्या संस्थेनेच करायचा असतो, म्हणजे पुन्हा तेच, आधी तिकडे कोणीतरी तुम्हाला ओळखणारं पाहिजे.

पासपोर्ट. आमच्यातल्या फक्त चौघांकडे होता. साधा दीड हजारात होतो, तत्काळला साडेतीन हजार. फॉर्म भरताना सध्याचा पत्ता हॉस्टेलचा की घरचा हे नीट ठरवा, पोलीस व्हेरिफिकेशन त्या पत्त्यावरच्या ठाण्यातनं होतं, एकाचे पोलीस हॉस्टेलवर आले तेव्हा तो शिमग्याला गावी पालखी नाचवत होता. आणि पासपोर्टवर नाव जसं छापलंय अगदी तस्संच तिकिटावर, वडिलांच्या नावासकट.

व्हिसा म्हणजे सगळ्यात जास्त घाम. आधी ठरवावं लागतं की टुरिस्ट म्हणून जायचं की कंपनीच्या आमंत्रणावर. आम्हाला चालू कारखान्यात जायचं होतं म्हणून आमंत्रणाने गेलो. त्यासाठी तिकडच्या कंपनीने आमंत्रणाचं कारण लिहून पाठवायचं आणि सोबत मुक्कामाचं दिवसावार वेळापत्रक, कुठल्या तारखेला कुठे, कोणाला भेटणार, रात्री कुठे राहणार, फोन नंबर. एका हॉस्टेलने आमचं बुकिंग दुसऱ्या इमारतीत हलवलं तर सोळा जणांची वेळापत्रकं पुन्हा केली. फार लवकर अर्ज करून चालत नाही कारण एकदाच जायचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरायचा असतो. आणि नाकारला तर कारण सांगत नाहीत, त्याच कामासाठी सहा महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत. हे पालक सभेत सांगितलं आणि एकदम शांतता. त्याच सभेत एकाच्या वडिलांनी विचारलं, तिकडे भूकंप झाला तर? मॅडम बोलल्या, "भाऊ, तुम्ही चिपळूणचे ना? २०२१ च्या पुरात तुम्हीच दोन रात्री गच्चीवर काढल्या होत्यात." मग कोणी काही विचारलं नाही.

आमच्यासारख्यांचा खरा प्रॉब्लेम आयटीआर. व्हिसाला खर्च करणाऱ्याचं बँक स्टेटमेंट आणि रिटर्न लागतं, आणि मासळीचा धंदा सगळा रोखीचा. बाबांच्या खात्यात काय, गॅसची सबसिडी आणि डिझेलचा परतावा. रिटर्न कधी भरलेलंच नाही. त्यामुळे ज्याचा पैसा त्याचे कागद, माझ्या मोठ्या काकांचं रिटर्न, त्यांचं पत्र, आणि ते माझे काका आहेत याचा पुरावा. रेशनकार्डावर नावं एकत्र होती म्हणून सुटले, आईने ते कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून तांदळाच्या डब्यात ठेवलेलं होतं. ज्यांच्या घरी बागायत नाहीतर मासळी आहे त्यांनी आत्तापासून सीएला भेटून रिटर्न भरायला लावा, जपान राहू दे, पुढे एज्युकेशन लोनला पण लागेल.

व्हिसाचे कागद मुंबईला गेले आणि तिकडून मेल आला की सगळ्यांच्या बुटाचा नंबर कळवा. सेंटीमीटरमध्ये. खाण्याच्या पदार्थाच्या कारखान्यात पांढरे गमबूट ते देतात, आणि प्रत्येकाच्या मापाचे आधीच काढून ठेवतात. आपल्याकडे सात नंबर, आठ नंबर. मग हॉस्टेलच्या व्हरांड्यात पेपर पसरला, एकेकाला उभं केलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पेन्सिलने रेघ आणि पट्टी. कोणाचा साडेचोवीस, कोणाचा सत्तावीस, सरांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर मोठा निघाला (मोठा कळवला). त्याच मेलमध्ये बाकीची यादी होती, अंगठी नाही, कानातलं नाही, नेलपेंट नाही, अत्तर नाही, मनगटाला दोरा नाही, मागच्या काही दिवसांत पोट बिघडलं असेल तर आधी सांगा. दोऱ्यावरून जरा झालं. आमच्यातल्या एकाचा मार्लेश्वरचा दोरा होता, आई काढू देईना, शेवटी आजीनेच सांगितलं की देव काय दोऱ्यात बसलाय काय, काढ आणि खिशात ठेव. तर खिशात पण काही ठेवायचं नसतं हे तिकडे गेल्यावर कळलं, तो बॅगेत गेला.

जेवणाचं. फिशरीजला असून आमच्यात दोघं शाकाहारी आहेत (हो, असतात). जपानात नुसती भाजी म्हणून आलेल्या वाटीत पण माशाचा स्टॉक असतो. त्यांनी थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि पोहे नेले आणि हॉस्टेलच्या किचनमध्ये मजेत राहिले, नंतर नंतर आम्हीच त्यांच्या ताटात हात घालायला लागलो. मटण-चिकनचं काहीही नेऊ नका, फळं नेऊ नका. आईने बॅगेत सुकट कोंबली होती, मॅडमनी रत्नागिरी स्टेशनवरच काढायला लावली. सर्दीच्या गोळ्या पण बघून घ्या, स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तिकडे बंदी आहे.

भेटवस्तू म्हणून सगळ्यांच्या तोंडी हापूस. अरे नोव्हेंबरात कुठला हापूस! आणि असता तरी बॅगेतून चालला नसता, फळमाशीमुळे जपानने आपल्या आंब्यावर वीसेक वर्षं बंदी घातली होती, ती २००६ मध्ये उठवली ती पण गरम वाफेची प्रक्रिया केलेल्या पेट्यांपुरती. आम्ही सावंतवाडीची लाकडी फळं आणि गंजिफाचे पत्ते नेले. गंजिफा इतका आवडला की एका साहेबांनी गोल पत्ते हातात घेऊन खेळ कसा खेळतात विचारलं आणि आमच्यातल्या एकालाही येत नव्हता. नेणार असाल तर खेळ शिकून जा.

तिकडचं दोनच गोष्टी सांगते. तोयोसूला ट्यूनाचा लिलाव जवळून बघायला आधीच्या महिन्यात ऑनलाइन अर्ज करायचा, लॉटरी लागते. आमच्यातल्या एका गटाची लागली. पहाटे साडेपाच-पावणेसहाला सुरू होतो म्हणून राहायचं जवळच बघा. फरशीवर शेपट्या कापलेले ट्यूना ओळीत मांडलेले, खरेदीदार बॅटरी मारून शेपटीच्या कापातलं मांस बघतात, चिमटीत घेऊन चोळतात, चरबी किती ते त्यावरून. मग घंटा वाजते आणि बोटांच्या खुणांनी काही मिनिटांत खल्लास. आपल्या हर्णैच्या लिलावात जी आरडाओरड, ती तिथे पण आहे, फक्त ती एकटा लिलाववाला करतो. मला जास्त काय दिसलं तर फरशी. हॉल सगळा थंड ठेवलेला आणि एकही मासा उन्हात नाही. आमच्या तक्त्यातला जो मधला रकाना आहे ना, लिलावाच्या वेळचा, तो तिथे भरायलाच नको.

दुसरं, इवाताला यामाहाच्या प्लाझामध्ये जुनी आउटबोर्ड इंजिनं मांडलीत, त्यांचं पहिलं १९६० चं. बाबांच्या होडीला यामाहाच आहे म्हणून फोटो काढून पाठवला. मला वाटलं कौतुक करतील. रिप्लाय आला, "ह्याचो पार्ट थंय स्वस्त गावता काय ता इचार."

सुरीमीवाल्या कंपनीत आमची वीस मिनिटं पाऊण तासावर गेली. गमबूट सगळ्यांना बरोब्बर बसले, प्रत्येक जोडीवर नावाची चिठ्ठी, आत फोटो काढायचे नाहीत असं आधीच सही करून घेतलेलं. आमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तोंडी दिलंच नाही, टेबलावर चार प्रकारचे तुकडे ठेवले आणि बोलले खाऊन सांगा यातला तुमचा मासा कुठला. दोघांनीच ओळखला, त्यातला एक आमचा शाकाहारी, वासावरून.

आल्यावर आभाराचे मेल दुसऱ्याच दिवशी गेले, ते टाळू नका. त्याला उत्तर आलंय. त्यांना थंडीतलं तापमान पण हवंय, कारण आमचा तक्ता फेब्रुवारी ते मे एवढाच आहे, आणि पावसाळा संपल्यावर बोटी लागतात तेव्हाचं तर काहीच नाही. थर्मामीटर दोन आहेत, एकाचा सेल बदलायला हवा. आमचं फायनल इयर, आम्हाला प्रोजेक्ट रिपोर्ट आहे, त्यामुळे थर्ड इयरवाल्यांनो, ज्यांना पुढच्या वर्षी जायचंय त्यांनी जानेवारीपासून पहाटे चारला जेटीवर यायची तयारी ठेवा आणि रविवारपर्यंत सीआरकडे (वर्ग प्रतिनिधीकडे) नावं द्या. स्वेटर आणा, आणि जुनी चप्पल घालून या.